नापास सायलेन्सर

“त्या खोलीत पोरीला झोपवू नकोस. भिंतीत ते धुराड्याचं भोक आहे आणि खाली तुझा कॅप्टन दिवसभर काय काय जाळत असतो.”

सासूबाई हे फोनवर म्हणाल्या, तेव्हा तिने “हो आई” म्हणून विषय बदलला होता. सासूबाईंना पडद्यांचा रंग पटला नव्हता, पाळण्याची दिशा पटली नव्हती. भिंतीतलं भोक तेवढं राहिलं होतं. तिने त्यावर पुठ्ठ्याचा हसरा चंद्र चिकटवला आणि चिमीचा पाळणा त्याच खोलीत ठेवला.

आत्ता ती स्वयंपाकघरात उभी होती. पलीकडे गॅरेजमध्ये इंजिन चालू होतं आणि मांडणीवरची झाकणं थडथडत होती. गाडी उन्हात, विमान सावलीत, असा या घराचा रिवाज होता. नवरा दोन माणसांचं विमान स्वतःच्या हाताने बांधत होता, म्हणून गल्ली त्याला कॅप्टन म्हणायची. इंजिन एका जुन्या स्पोर्ट्स गाडीतून काढलेलं, रोटरी. त्यात पिस्टन नसतात, एक तिकोनी रोटर गरगर फिरतो. वजनाला हलकं, आवाजाला राक्षस. आणि त्यातून बाहेर पडणारा धूर इतका तापलेला, की नळी लालभडक व्हायची आणि सायलेन्सर आतून खाल्ला जायचा. पहिल्या सायलेन्सरचे आतले पडदे वितळले. दुसऱ्यातलं ग्लासवुल, आवाज शोषणारा काचेचा कापूस, उडून वाळत घातलेल्या लंगोटांवर बसलं. तिसरा जोडावर उसवला. तिघेही अंगणात नळापाशी पडले होते, पोट फाडलेल्या माशांसारखे.

तिला या सगळ्याची शिसारी आली होती. बेसिनला काळी चिकट कड. टॉवेल हातात घ्यावा तर बुळबुळीत. चहाला जळक्या तेलाची चव. रात्री नवरा कुशीवर वळला की त्याच्या केसांतून तीच घाण. एकदा चिमीच्या टाळूला नाक लावलं, तर तिथेही तोच वास. त्या दिवशी तिला खरोखर उलटी झाली होती.

रविवारी चिमी दुपारची झोपली की चाचणी. कानांवर जाड गाद्या चढवल्यामुळे नवऱ्याला स्वतःला आवाजाचा अंदाज येत नसे. “माझं मीटर वर पाळण्यात आहे,” असं तो मित्रांना हसत सांगायचा. इंजिन बंद करायचं, कानावरचं काढायचं आणि जिन्याकडे कान लावायचा. चिमीचं भोकाड ऐकू आलं की सायलेन्सर नापास. मग तो पाना खाली ठेवायचा आणि ती थोपटायला वर जायची. आतापर्यंत चिमीने तिघांना नापास केलं होतं.

आज चौथा होता. इंजिन नेहमीपेक्षा बरंच जास्त वेळ चाललं आणि थांबलं. झाकणंही थांबली. दोघं जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिली.

“ऐकलंस?” तो कुजबुजला.

“काय?”

“तेच तर. काहीच नाही.” त्याचा चेहरा फुलून आला होता. “पास झाला. आपल्या लेकीने पास केला.”

तिलाही हसू आलं. आता हे संपणार, लंगोट स्वच्छ वाळणार, असं वाटलं. पण झाकणं तर नेहमीइतकीच थडथडली होती.

“मला इथे काही कमी वाटला नाही आवाज,” ती म्हणाली.

“इथे असेल. वर नाही ना गेला? आणि तुझा तो लाडका वास, तोही नाही, बघ.”

तिने श्वास घेतला. खरंच नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा स्वयंपाकघराला स्वयंपाकघराचा वास येत होता.

“मग गेला कुठे?”

“या वेळी डोकं चालवलं. सायलेन्सरचं तोंड सरळ भिंतीतल्या धुराड्यात दिलं. आवाज, धूर, सगळं वरच्या वर आभाळात. शेजाऱ्यांचीही कटकट नको.”

गेल्या पावसाळ्यात वर गळायला लागलं, तेव्हा छपरावर चढून त्या धुराड्याच्या तोंडाला पत्रा मारला होता. त्यानेच मारला होता. शिडी तिने धरली होती.

ती जिना कशी चढली, तिला आठवत नाही. खोलीचं दार उघडलं तसा तो वास अंगावर कोसळला. पुठ्ठ्याचा चंद्र एका कोपऱ्यावर लोंबत होता, कडेने करपलेला. भोकातून अजून थोडा निळसर धूर येत होता. चिमी पाळण्यात शहाण्यासारखी पडली होती. गाल गुलाबी, इतके छान गुलाबी ते कधीच नव्हते. उचलली तर मान मागे पडली.

अंगणात, त्या फाटक्या सायलेन्सरांच्या शेजारी, ती चिमीला उभी धरून हाका मारत राहिली. नवरा गाडीची किल्ली शोधत होता, हातातच असलेली. मग चिमी एकदा आचकली आणि तिच्या मानेवर भडाभडा ओकली. आंबट, कोमट, काळपट. ती ओकारी तिने पुसली नाही. आणि मग चिमीने भोकाड पसरलं.

दवाखान्यापर्यंत गाडीच्या सगळ्या काचा खाली होत्या. चिमी रस्ताभर रडत होती आणि दोघांपैकी कोणीही तिला गप्प करत नव्हतं.

तुमच्या घरात या घटकेला कोणी गाढ झोपलेलं असेल, आणि त्या शांततेचं तुम्हाला बरं वाटत असेल, तर हे पान इथेच मिटा. आधी जाऊन त्याला हलवून बघा.