सावधगिरीची सूचना

बोरीच्या पांदणीतून सकाळी फिरायला निघालेले सरपंच महारुद्र चालता चालता मोबाइलमध्ये डोकं खुपसून गावच्या ग्रुपवर लिहीत होते, "पांदणीत रानडुक्कर हिंडायलंय. चालताना मोबाइल बघू नका. आजूबाजूला ध्यान ठेवा." शेवटी हात जोडल्याचं चित्र टाकून त्यांनी मान वर केली, तर दहा पावलांवर खुद्द डुक्कर उभं. पळायला पाय उचलणार, तोच तुरीतून आवाज कडाडला, "उभा राहा! कान धर!" साठीतल्या सरपंचांनी मोबाइल टाकला आणि दोन्ही कान धरले. शाळेत कधीच न गेलेलं डुक्कर मात्र घाबरून पळालं. तुरीचा मालक परमेश्वर धावत आला. "सरपंच, सोडा की कान! डुकरं हाकलायला भोंग्यात आपल्या शाळेतल्या माणिकराव सरांचा आवाज भरलाय. गेलं डुक्कर." सरपंच जागचे हलले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "सर अजून बस म्हणले न्हाईत."