झेंडूखालचे हिरवे दिवे

भट्टी फुटली तेव्हा कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर सगळे दिवे हिरवेच होते. वितळलेलं लोखंड शेडभर उसळलं. फोरमन यशवंतमामांचा धाकटा भाऊ पेटलेल्या अंगाने दारापर्यंत आला आणि तिथेच संपला.

त्याला विझवताना भाजलेल्या हातांनी मामांनी कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रेणुकाची मानगूट धरली. "भट्टी गार ठेवणारं पाणी बंद पडलं होतं. अलार्म का नाही वाजला?"

"लक्ष ठेवणारा प्रोग्रामच मघाशी बंद पडलाय. बाहेरून कुणीतरी त्याला न पेलणारा वाकडा मेसेज पाठवून पाडला. हे दिवे त्याच्या आधीचे, तसेच गोठलेत." तिने हिसडा देऊन मान सोडवली. "प्रोग्राममधली ही फट बुजवायला सकाळी दहा मिनिटं मागत होते मी, मामा."

सकाळी खंडेनवमीची पूजा झाली होती. ऑर्डरसाठी भट्टी तेवढी चालू ठेवून मामांनीच हा प्रोग्राम चालवणाऱ्या सर्व्हरला झेंडूची माळ घातली होती आणि पूजलेल्या मशीनला आज हात लावायचा नाही, असं तिला बजावलं होतं.

मामांनी पूजेतला घण उचलला. रेणुका भिंतीला चिकटली. घण खाली टाकून त्यांनी सर्व्हरवरची माळ ओरबाडून काढली.

"कर पोरी, काय करायचं ते."

"आता लक्ष कशावर ठेवायचं, मामा?"