शेवट आवडला

लेकीने काढलेली मांगा, म्हणजे जपानी धाटणीची चित्रकथा, अठरा भागांतच बंद पडली. वाचकांनी शेवटाची पार सालटी काढली. "नायक कड्यावरून उडी मारतो आणि संपलं? एवढी कसली घाई होती?" लेकीने पेनं डब्यात टाकली आणि लाजेने महिनाभर घरी तोंड दाखवलं नाही.

आईने मात्र छापील पुस्तक मागवलं आणि नेम धरला, रोज आंघोळ झाली की एक भाग. अठराव्या दिवशी तिचा फोन आला.

"सुरुवातीलाच कड्यावरून उडी! जरा आगाऊच वाटला बाई तुझा नायक. पण शेवट फार आवडला गं. एवढ्या लढाया करून पोरगं घरी आलं, तलवार कोपऱ्यात ठेवली आणि आईसमोर जेवायला बसलं. लोकांना काय कळतंय!"

ते जेवण घर सोडण्याआधीचं, पहिल्या पानावरचं होतं. मांगा उलट्या बाजूने, उजवीकडून वाचतात, हे आईला सांगायचं राहूनच गेलं होतं.



लेकीने ते आताही सांगितलं नाही. "उद्या येते गं जेवायला," एवढंच म्हणाली.