न बोललेली जाहिरात

मेथीची जुडी उलटसुलट करून पाहताना लताबाईंना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

त्यात तसं नवल नव्हतं. एरंडोलच्या आठवडे बाजारात जाहिरातीची रिक्षा फिरली की भोंग्यातून बहुधा त्याच बोलत असत. साड्यांचे सेल, आनंदमेळे, शाळांचे प्रवेश, हरवलेल्या म्हशी. बावीस वर्षं सगळं त्यांनीच तालुक्याला सांगितलं होतं. जाहिराती तयार करणाऱ्या भूपेंद्रच्या दुकानामागच्या खोलीत, दाराला गोधडी लावून त्या रेकॉर्डिंग करायच्या. चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आवाज घरोघरी ओळखीचा होता.

"बंधू-भगिनींनो, मधुमेह आहे? साखरेच्या गोळ्या आता कायमच्या बंद करा. एकवीस दिवस आमचं चूर्ण घ्या आणि बिनधास्त गोड खा."

लताबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. हे त्या कधी बोललेल्या नव्हत्या. मागे एका दुकानदाराने 'सर्व साड्या निम्म्या किमतीत' असं लिहून दिलं, तेव्हा त्या आधी दुकानात जाऊन साड्या पाहून आल्या होत्या आणि 'सर्व'चं 'निवडक' करूनच माइकपुढे बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा कान दिला. 'बंधू-भगिनींनो' म्हटल्यावर त्या नेहमी श्वास घ्यायच्या. भोंग्यातली बाई श्वासच घेत नव्हती.

"चार दिन व्हयनात, मी गोया बंद करी टाक्यात," मेथीवाली मंजुळाबाई म्हणाली. तिचे डोळे ओढलेले दिसत होते. पाण्याची बाटली तिने मांडीशीच ठेवली होती.

"कोनी सांगं तुले?"

"तूच ना. आवाज तुन्हाच शे. तू आजवरी कधी खोटं बोलनी नही."

लताबाईंनी जुडी खाली ठेवली आणि त्या रिक्षाला आडव्या गेल्या. रिक्षावाला हेमराज ओळखीचा होता. तो हसला, पण त्यांचा चेहरा पाहून त्याने भोंगा बारीक केला.

"हे तुला कोणी दिलं?"

"भूपेंद्रभाऊंनी. पेनड्राइव्हवर. तुमचाच आवाज म्हणून मी काही विचारलं नाही, अक्का. आठवड्यापासून फिरवतोय."

त्यांनी तिथूनच भूपेंद्रला फोन लावला.

"अक्का, तुमची जुनी रेकॉर्डिंग एका ॲपला ऐकवली," तो मोकळेपणाने म्हणाला. "आता लिहून दिलं की ते तुमच्या आवाजात बोलतं. तुमचा घसा धरतो हल्ली. म्हटलं, कशाला त्रास द्या."

"ते चूर्ण तू पाहिलंस?"

"चूर्णवाल्या पार्टीने लिहून दिलं, ते टाकलं. सगळेच तसं करतात, अक्का."

"मी करत नाही," लताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्या रिक्षात हेमराजच्या शेजारी चढून बसल्या. "पेनड्राइव्ह काढ. माइक दे."

"अक्का, पार्टीची माणसं मला पुन्हा काम द्यायची नाहीत."

"नाव माझं सांग."

हेमराजने इंजिन बंद केलं. मग त्याने पेनड्राइव्ह उपसून खिशात टाकला आणि माइकची वायर सोडवून त्यांच्या हातात दिली.

चार माणसांसमोर लताबाई आजवर माइकवर बोललेल्या नव्हत्या. इथे अख्खा बाजार त्यांच्याकडे वळून बघत होता. त्यांनी पदर खांद्यावर घेतला.

"मी लताबाई बोलतेय. आत्ता तुम्ही ऐकलं, ते मी बोललेलं नाही. माझा आवाज मशीनमध्ये घालून कोणीतरी ते वदवून घेतलं आहे. साखरेच्या गोळ्या बंद करू नका. ज्यांनी केल्या असतील, त्यांनी आजच दवाखान्यात जा."

आवाज मध्येच चिरकला. भोंग्यातून ते चिरकणंही लांबवर गेलं. दोन-तीन पोरी हसल्या. कांदे विकणारा अभिमन उठून उभा राहिला.

"मघाशी बी तुम्हीच बोलत होत्या," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "आता खरं कोनतं धरानं?"

दाखवायला लताबाईंकडे कागद नव्हता, शिक्का नव्हता. होता तो एक आवाज, आणि तोच कुणीतरी उचलून नेला होता. मग त्यांची नजर मेथीच्या ढिगाकडे गेली.

"मंजुळाबाई," त्या माइकवरच म्हणाल्या, "ऊठ. भाजी आठेच राहू दे. चाल मन्हासंगे दवाखान्यात. मी तुन्हापाशी बससू."

मंजुळाबाईने मेथीवर ओलं गोणपाट टाकलं, गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. चालताना तिचा तोल जात होता. अभिमन पुढे झाला, तिचा दंड धरून त्याने तिला रिक्षापर्यंत आणलं. मग तो तिथेच घुटमळला.

"मन्ही माय बी तेच चूर्ण ली राहिनी," तो हळूच म्हणाला.

"कोठे शे ती?"

"घरमा. माळीवाड्यात."

"रस्त्यावरच आहे. तिला घेऊ."

मसाल्याच्या दुकानापुढून आणखी एक बाई पिशवी सांभाळत येऊन मागे बसली. "मी बी," ती म्हणाली. हेमराजने रिक्षा चालू केली. गर्दी आपोआप दोन बाजूंना सरली.

बाजार मागे पडला तसा हेमराज म्हणाला, "अक्का, भोंगा बंद करू आता?"

लताबाईंनी माइक दुसऱ्या हातात घेतला, घसा खाकरून साफ केला.

"नको," त्या म्हणाल्या. "दवाखान्यापर्यंत अजून चार गल्ल्या आहेत. सावकाश चालव."