पाच दिवस न हललेला डबा

नोंदवही, १९७९. सांगलीच्या पूर्वेचा माळ.

दिवस पहिला. तानुबाईंच्या खोपटाशेजारी आम्ही उपग्रहाच्या लहरींवरून जागा मोजणारं डब्यासारखं यंत्र मांडलं. जागेतली चूक : चाळीस मीटर.

"आवं सायब, ह्यो डबा कवा हलनार?"

"पाच दिवस नाही, मावशी. वरच्या हवेत लहरी वाकतात, एका फेरीवर भरवसा नाही. उपग्रह जितक्या वेळा डोक्यावरून जाईल, तितकी जागा पक्की."

दिवस तिसरा. चूक : अकरा मीटर. तानुबाई भडकल्या.

"पाच दिस बसला की डब्याची जागा पक्की! मी अठरा वर्सं हितंच बसलीया. बाप्ये मेंढरामागं जात्यात, मी न्हाई. तरी तलाठी म्हनतो, तुमी फिरस्ती, पत्ता न्हाई, रेशनकार्ड मिळायचं न्हाई!"

दिवस पाचवा. चूक : तीन मीटर. तिथे सरकारी खुणेचा दगड रोवला.

महिन्याने दगड तपासायला गेलो. तानुबाईंनी एक कागद माझ्या अंगावर टाकला.

"तुमच्या दगडापायी आलंय. वाचा तुमीच."

दगडाजवळचं खोपट पंधरा दिवसांत हलवण्याची नोटीस होती. वर तानुबाईंचं नाव, आणि खाली गट नंबरासकट त्यांचा पूर्ण पत्ता.