भाजीतली ताकद

लेकीच्या किडन्या निकामी होऊन मशीनवर डायलिसिस सुरू झालं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, भाजी उकळायची, पाणी फेकायचं, मगच फोडणीला टाकायची. त्या पाण्यातले क्षार अंगात साचले तर हृदय बंद पडेल. आज पालक निथळून पाणी ओट्यावरच ठेवलं आणि नेमकी फोनवर बोलत बसले. परतले तर पातेलं रिकामं आणि लेकीच्या ओठांवर हिरवी मिशी. “काय केलंस गं?” “शाळेत बाई म्हणाल्या, भाजीतली सगळी ताकद पाण्यात उतरते. तू रोज फेकून देतेस, म्हणूनच मी बरी होत नाही! आता दवाखान्यातलं मशीन बंद ना, आई?” नवऱ्याला ‘गाडी काढ’ म्हणून ओरडले, तिला बेसिनवर ओणवं केलं. “ओक बाळा, ओकून टाक, पाया पडते तुझ्या!” ताकद निसटू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.