बर्फातला व्याकरणाचा तास

“पिझ्झा कर! परीक्षित, पिझ्झा!” कबीर मागून ओरडत होता.

स्कीची पुढची टोकं जवळ आणून पायांचा त्रिकोण केला की वेग कमी होतो. त्याला इथे सगळे पिझ्झा म्हणतात. परीक्षितला हे तोंडपाठ होतं, पायांना मात्र नव्हतं. तो थेट उताराखालच्या जाळीत जाऊन आदळला. गुलाबी हेल्मेटवाल्या एका चिमुरडीने थांबून विचारलं, “आर यू ओके, सर?”

“फँटास्टिक!” तो तोंडातला बर्फ थुंकत म्हणाला. आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

कारण आज तो अनिकाला लग्नाचं विचारणार होता. वर, लिफ्ट संपते तिथे, सगळी दरी दिसते त्या जागी. अंगठीची डबी जॅकेटच्या आतल्या खिशात होती. पडल्यावर त्याने हाडांच्या आधी तीच चाचपून बघितली.

ख्रिसमसच्या सुट्टीत पाच जण बेलव्ह्यूहून दिवसभर ड्राइव्ह करून या डोंगरातल्या गावात आले होते. निमिष आणि हिमानी हे नागपूरचं जोडपं, परीक्षितच्या ऑफिसातलं. अनिका आणि कबीर अमेरिकेतच जन्मलेले, लहानपणापासून शेजारी. दोघंही चालायच्या आधी स्की करायला शिकले असावेत, असा परीक्षितला संशय होता.

अनिकाची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. “मला मराठी शिकव ना. पुण्याच्या आजीशी प्रॉपर बोलायचंय,” ती म्हणाली आणि दर शनिवारी कॉफी शॉपमध्ये क्लास सुरू झाला. एवढी मोठी, नोकरी करणारी मुलगी नुसत्या आजीसाठी विभक्तिप्रत्यय शिकत नाही. आजी हे निमित्त आहे, हे ओळखायला परीक्षितला फार वेळ लागला नाही.

ती भराभर शिकली. अडायची ती एकाच ठिकाणी. इंग्रजीत एक ‘वी’ म्हटलं की काम भागतं, मराठीत ‘आपण’ वेगळं आणि ‘आम्ही’ वेगळं, हे काही तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

“आपण दर ख्रिसमसला इथेच यायचो,” येताना गाडीत ती म्हणाली होती.

“मी तेव्हा कोथरूडला होतो. आम्ही यायचो, असं म्हण.”

“ओह गॉड, सॉरी. आम्ही.”

“समोरच्याला धरून आपण, समोरच्याला सोडून आम्ही. सोपं आहे.”

आज सकाळी नाश्त्याला पुन्हा तेच. “आपण काल हॉट टबमधून किती तारे बघितले!”

“मी गुडघ्यांना बाम चोळून झोपलो होतो, बाई. तुम्ही बघितले.”

“आम्ही, आम्ही, आम्ही!” तिने कपाळ बडवून घेतलं. सगळे हसले. कबीर तर खाली वाकून हसला.

तिचं एकच वाक्य परीक्षितने दुरुस्त केलं नव्हतं. कॉफी ओतताना ती सहज म्हणून गेली, “आपण जूनमध्ये पुण्याला जातोय. आजीला भेटायला.” इतकं शुद्ध मराठी त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याने टोस्टला दोनदा लोणी लावलं.

“आजच विचार, यार,” हिमानीने त्याला ओट्यापाशी गाठून सांगितलं. “पोरगी तुझ्यापायी व्याकरण शिकतेय. अजून काय लेखी हवंय का तुला?”

आता कबीरने हात देऊन त्याला जाळीतून उठवलं. “वर यायलाच लागेल तुला. शी रिअली वॉन्ट्स यू अप देअर, मॅन. तिला काहीतरी सांगायचंय.”

परीक्षितने त्याचा हात धरूनच ठेवला. “काय सांगायचंय?”

“नो वे. आय प्रॉमिस्ड.” कबीरने त्याच्या पाठीवरचा बर्फ झटकला, हेल्मेटचा पट्टा नीट लावून दिला. किती गुणी मुलगा, परीक्षितला भरून आलं. लग्नात यालाच करवला करायचा, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुपारी लिफ्टच्या खुर्चीत अनिका त्याच्या शेजारी बसली. पाय अधांतरी, खाली बर्फाने लगडलेली झाडं. एरवी त्याला उंचीची भीती वाटायची. आज त्याने खालीसुद्धा वाकून बघितलं. वर पोचल्यावर तो उतरला आणि चक्क पडला नाही. हा त्याला शुभशकुनच वाटला.

मागच्या खुर्चीतून कबीर आला, पण समजूतदारपणे लांबच थांबला.

समोर सगळी दरी उन्हात चमकत होती. परीक्षितने हातमोजा काढला. “अनिका, मला तुला...”

“थांब, आधी मी!” तिने गॉगल वर केला. डोळे पाण्याने भरले होते. “आजीलाही अजून सांगितलं नाहीये. सगळ्यात आधी तुला सांगायचं होतं, तेही मराठीतच. मी खूप प्रॅक्टिस केलीये.”

तिने मोठा श्वास घेतला.

“परीक्षित, आपण लग्न करतोय.”

त्याने अशी आरोळी ठोकली की लिफ्टवरून उतरणारे अनोळखी लोकही टाळ्या वाजवायला लागले. हातातल्या काठ्या सोडून त्याने तिला मिठी मारली. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. ती हसत होती, रडत होती, त्याला घट्ट धरून उड्या मारत होती. त्याचा उजवा हात जॅकेटच्या आत गेला, बोटांना डबी लागली.

मग ती एकदम थांबली. कपाळ बडवायला गेलेला तिचा हात हेल्मेटवर टक्कन आपटला.

“सॉरी, सॉरी! परत चुकले,” ती त्याच्या कानाशी हसत म्हणाली. “आपण नाही. आम्ही.”